पायाखालचे ग्राउटिंग : कोणत्या जमिनीत चालते, कोणत्या जमिनीत नाही

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी भिंतींच्या भेगांविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांत एक वाक्य हमखास येते : ‘कॉन्ट्रॅक्टर ग्राउटिंग करून घ्या म्हणतो.’ ग्राउट म्हणजे नळीतून दाबाने जमिनीत सोडायचे आणि तेथे जाऊन घट्ट होणारे मिश्रण. बहुधा सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट; क्वचित रसायन. प्रश्न असा आहे की कोल्हापूरची जमीन गल्लोगल्ली बदलते. बावड्याकडे ऊसमळ्यांची काळी, पंचगंगेच्या काठाने गाळ, जुन्या पेठांत बुजवलेली तळी, आड आणि खणी, तर उंचवट्यावरच्या वस्त्यांत कुदळ मारताच लागणारा मुरूम. या सगळ्यांना एकच औषध लागू पडण्याचे कारण नाही. म्हणून एकाच विषयावरची निवडक पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचा कसबा बावड्यात एकमजली बंगला आहे. पाया काळ्या मातीत पाच फुटांवर घेतला होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत. चैत्र-वैशाखात त्या इतक्या उघडतात की रुपयाचे नाणे उभे आत जाते, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास जवळजवळ मिटतात. दोनदा गिलावा करून झाला. आता घराभोवती चाळीस भोके पाडून सिमेंट भरण्याचा सल्ला मिळाला आहे. करावे का?

उत्तर : करू नये. आपण भेगेचे उघडणे-मिटणे ऋतूंशी जोडून लिहिलेत, त्यामुळे निम्मे निदान आपणच केले आहे. जमीन भाराने खचत असती, तर भेग एकाच दिशेने वाढत गेली असती. पावसाळ्यात ती मिटली नसती. आपल्या घराखालची माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, आणि घराच्या कडेची माती मधल्या मातीपेक्षा आधी वाळत असल्यामुळे कडा खाली बसतात. अशा वेळी भेग वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती दिसते. आपल्याकडे तसे आहे का, ते शिडीवर चढून पाहावे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे थर पाण्याला आपल्या मध्ये घेतात आणि माती फुगते. ती किती फुगेल हे पाहण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात दिलेली आहे, आणि ती पाहण्यासारखी असते. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा ग्रॅम माती काचेच्या एका मोजपात्रात घालून त्यावर ऊर्ध्वपातित पाणी ओततात, तेवढीच माती दुसऱ्या पात्रात घालून त्यावर रॉकेल ओततात, आतील हवेचे बुडबुडे काढतात आणि चोवीस तास दोन्ही पात्रे तशीच ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये १० मिलिलिटरवर बसलेली माती पाण्यात १८ मिलिलिटरपर्यंत चढलेली दिसली, तर तिचा फुगवटा ८० टक्के झाला. पन्नाशीच्या पुढचा आकडा आला की ती जमीन जपून हाताळायची. ही चाचणी कोणत्याही बऱ्या माती-प्रयोगशाळेत होते आणि चाळीस भोकांच्या खर्चापुढे तिचा खर्च नगण्य आहे.

आता सिमेंट का नको, ते सांगतो. साध्या सिमेंटचे मोठे कण एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास असतात, तर चिकणमातीचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरहूनही बारीक, आणि त्यांच्यामधली जागा त्याहून बारीक. सिमेंट मुरायचे असेल तर एक ढोबळ कसोटी लावतात : मातीतले वजनाने १५ टक्के कण ज्या मापापेक्षा बारीक असतात, ते माप सिमेंटच्या ८५ टक्के कणांच्या मापाच्या निदान २४ पट असावे. जाड वाळू या कसोटीला उतरते. काळी माती उतरणे शक्यच नाही. मग पंप चालू केल्यावर स्लरी जाते कोठे? ती माती फाडते, सापडेल त्या फटीतून पळते आणि तेथे पातळ पापुद्र्यासारखी गोठते. त्या पापुद्र्याने मातीचे फुगणे थांबत नाही. उलट सिमेंटबरोबर ढकललेले पाणी आसपासच्या वाळलेल्या मातीला मिळते, ती फुगते, कधी फरशी उचलली जाते, आणि महिनाभर घर ‘वर आल्याचे’ समाधान मिळते. पुढच्या वैशाखात भेग पुन्हा हजर. चुन्याच्या निवळीचे इंजेक्शन काही ठिकाणी सुचवले जाते. चुना काळ्या मातीला खरोखर मानवतो, मात्र तो मातीत मिसळावा लागतो. भोकातून सोडलेला चुना भोकाच्या भोवती आणि उन्हाळी भेगांत राहतो, त्यापलीकडे फारसा सरकत नाही.

आपण करायचे ते पाण्याचे व्यवस्थापन. घराभोवती निदान दीड-दोन मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी, तिच्या आणि जोत्याच्या मधला सांधा डांबरी सीलंटने भरावा, आणि छपराचे पाणी जोत्यापाशी न सोडता पन्हळीने लांब न्यावे. न्हाणीघराची आणि संडासाची पाइपलाइन पाणी भरून तपासावी, कारण वर्षभर पाझरणारा एखादा चेंबर घराचा एकच कोपरा ओला ठेवतो आणि तेवढाच कोपरा उचलला जातो. भिंतीला लागून कडुलिंब किंवा निलगिरी असेल तर तिची मुळे उन्हाळ्यात तीच माती शोषून काढतात. झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल, निदान तितके ते घरापासून लांब असावे, ही सर्वसाधारण रीत आहे. पण जुने मोठे झाड एकदम तोडूही नये, कारण मग इतकी वर्षे वाळलेली माती सावकाश ओली होऊन फुगू लागते.

एवढे करून दोन उन्हाळे पाहावेत. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटच्या गोळ्याने चिकटवावी आणि गोळ्यावर खिळ्याने तारीख कोरावी. पट्टी तडकली की हालचाल चालू आहे असे समजावे. त्यानंतरही भेग तेवढीच उघडत असेल तर पायाच खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. ते काम आळीपाळीने, एका वेळी मीटर-सव्वा मीटर लांबीचा खड्डा घेऊन, शेजारचा तुकडा न उघडता करतात. नवे बांधणाऱ्या वाचकांसाठी एवढेच की खोल काळ्या मातीत तळाशी फुगवलेल्या पाइल्सची (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची), म्हणजे अंडर-रीम्ड पाइल्सची, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने घडवलेली पद्धत आपल्या देशात जुनी आणि रुळलेली आहे. तिच्या मानकात, भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात, अशा जमिनीत पाइल निदान ३.५ मीटर खोल असावी असे म्हटले आहे. त्या खोलीखाली ऋतूंचा खेळ फारसा पोहोचत नाही. आपला पाच फुटांचा पाया त्या खेळाच्या बरोबर मधोमध बसला आहे.

प्रश्न : रंकाळ्याच्या बाजूला आमचे घर आहे. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे तेथे पूर्वी दगडाची खण होती व ती भरून प्लॉट पाडले. मागचा एक कोपरा दर वर्षी थोडा खाली जातो, दार घासते, उन्हाळ्यातही भेग मिटत नाही. आम्हालाही ग्राउटिंग नकोच का?

उत्तर : आपल्याला हवे असण्याची शक्यता बरीच आहे. कोल्हापुरात खणी आणि तळी बुजवून उभ्या राहिलेल्या वस्त्या आणि वापराच्या जागा पुष्कळ आहेत; कपिलतीर्थाची मंडई आणि वरुणतीर्थाच्या जागेवरचे गांधी मैदान ही तर सर्वांच्या माहितीची उदाहरणे. खण भरताना गाड्यांनी डबर, राख, माती, जुन्या घरांचा पडलेला मलबा टाकलेला असतो, त्यावर रोलर क्वचितच फिरलेला असतो, आणि दगडांच्या मधल्या पोकळ्या वर्षानुवर्षे वरची माती गिळत राहतात. अशा जमिनीत स्लरीला जायला जागा असते. मुळात ही युक्ती पोकळीसाठीच जन्मली : १८०२ साली फ्रान्समधील दिएप बंदरात चार्ल्स बेरिन्यी या अभियंत्याने पाण्याने पोखरलेल्या बांधकामाखाली माती व चुन्याचे मिश्रण ठोकून भरले होते.

पण आधी भरावात काय आहे ते कळले पाहिजे. खाली कुजणारा कचरा असेल तर सिमेंट त्याच्याभोवती गोठेल आणि आतला कचरा आपल्या गतीने कुजतच राहील. तेथे पाया भरावातून आरपार खालच्या खडकापर्यंत न्यावा. म्हणून घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांशी दोन बोअर घ्यावेत आणि ते घट्ट मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत न्यावेत. बोअरमध्ये दर दीड मीटरला प्रमाणित भेदन चाचणी करतात : ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. दोन-तीन ठोक्यांत नळी गेली तर खाली जवळजवळ काही नाही असे समजावे. दगडांच्या भरावात मात्र एखादा धोंडा नळीखाली आला की ठोके उगीच वाढतात. तेव्हा आकड्याबरोबर वर आलेला नमुना डोळ्यांनी पाहावा.

यानंतर दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. भराव दगडी, मोठ्या पोकळ्यांचा असेल तर पातळ स्लरी हलक्या दाबाने भरतात. भराव सैल मातीचा असेल तर घट्ट, शिऱ्यासारखे मॉर्टर, म्हणजे वाळू-सिमेंटचा कालवलेला माल, मोठ्या दाबाने ढकलतात. ते मातीत मुरत नाही, भोकाच्या तळाशी गोळा होऊन फुगते आणि भोवतालची माती दाबून घट्ट करते. या मॉर्टरचा स्लम्प, म्हणजे साचा काढल्यावर माल जितका खाली बसतो ते माप, २५ ते ५० मिलिमीटरच्या आत ठेवतात. भोक तळापर्यंत पाडून नळी दर वेळी फूटभर वर ओढत एकावर एक गोळे तयार करतात, आणि आधी एकाआड एक भोके भरून मग मधली घेतात. या दुसऱ्या फेरीतच काम कसे झाले ते उमगते : मधल्या भोकांनी पहिल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी मॉर्टर घेतले तर जमीन आवळली आहे, तेवढेच घेतले तर माल भलतीकडे जात आहे.

पातळ स्लरीच्या दाबाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नुकसान तेथेच होते. तीन मीटर खोलीवर वरच्या मातीचे वजन दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास भरते. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन किलोहून अधिक हवा भरतो. म्हणजे टायरइतका दाबसुद्धा त्या खोलीवर जमीन फाडून फरशी उचलायला पुरेसा आहे. म्हणून पंपाजवळ चालू स्थितीतला दाबमापक हवा आणि घरात पाण्याच्या लेव्हल पाइपाजवळ एक माणूस बसलेला हवा. पाइपमधले पाणी खुणेवरून दोन मिलिमीटर हलले की त्याने ‘बंद’ म्हणावे आणि पंपवाल्याने ते ऐकावे. या माणसाला दुसरे काम सांगू नये.

माझ्या उमेदवारीच्या काळात मंगळवार पेठेतल्या एका वाड्याच्या पायाखाली आम्ही स्लरी भरत होतो. दाब वाढेना, बॅगा मात्र संपत चालल्या. साठावी बॅग फोडली तेव्हा पलीकडच्या परसातली बाई धावत आली. तिच्या न्हाणीच्या मोरीतून राखाडी पाणी वर येत होते. जमिनीखाली बुजवलेला जुना आड होता आणि तो एका दगडी गटाराला मिळालेला होता. चूक आमचीच, कारण घराच्या म्हातारीला आड कोठे होता हे आम्ही विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी बोअरच्या आधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशी बोलतो, आणि दर भोकाला बॅगांची मर्यादा ठरवतो. हिशेब सोपा आहे : ५० किलोची बॅग ५० लिटर पाण्यात कालवली तर सुमारे ६६ लिटर स्लरी होते. इतकी पातळ स्लरी उभी राहिली की सिमेंट तळाशी बसून वर पाणी सुटते आणि भरलेली पोकळी वरून पुन्हा रिकामी होते. म्हणून सिमेंटच्या वजनाच्या दोन-तीन टक्के बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी एक बारीक चिकणमाती, आधी पाण्यात भिजवून घालतात.

प्रश्न : दुधाळी भागात आमच्या तळमजल्यात पुराचे पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर फरशीवर काठी आपटली की पोकळ आवाज येतो. कॉलमना काही झालेले दिसत नाही. फरशीखाली फोम भरून देणारे लोक आहेत, त्यांना बोलवावे का?

उत्तर : २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनंतर असे आवाज मी बऱ्याच घरांत ऐकले आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवरून उतरू लागते तेव्हा जमिनीत भरलेले पाणीही नदीकडे परत निघते, आणि जाताना फुटक्या चेंबरच्या सांध्यातून फरशीखालचा बारीक भराव बरोबर नेते. म्हणून आधी तो सांधा शोधावा. चेंबरच्या तळाशी ताजी वाळू किंवा मुरमाची बारीक भुकटी साठलेली दिसली तर वाट सापडली. ती बुजवल्याशिवाय वरून काहीही भरले तरी पुढच्या पुराला तेच होईल. नंतर फरशीला मीटर-मीटरवर भोके पाडून वाळू-सिमेंटचे पातळ मॉर्टर केवळ नरसाळ्याच्या उंचीच्या दाबाने सोडावे; शेजारच्या भोकातून वर आले की थांबावे. फुगणारा पॉलियुरेथेन फोम जलद असतो आणि बसलेली फरशी उचलतोही, पण महाग पडतो आणि साध्या पोकळीसाठी त्याची गरज नाही. कॉलमच्या फुटिंगखालची, म्हणजे कॉलमच्या तळाच्या रुंद पायाखालची, माती गेली असेल असा संशय आला तर मात्र एक फुटिंग उघडून पाहिल्याशिवाय कोणालाही पंप लावू देऊ नये.

प्रश्न : आमच्या शेजारी रासायनिक ग्राउटिंगचे काम निघाले आहे आणि तीस फुटांवर आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. धोका आहे का?

उत्तर : कोणते रसायन, हे लेखी विचारावे. सोडियम सिलिकेट हे जुने आणि तुलनेने निरुपद्रवी. १९२५ साली योस्टेन यांनी सिलिकेट आणि कॅल्शियम क्लोराइड एकापाठोपाठ सोडून वाळू दगडासारखी करण्याची रीत रूढ केली. अॅक्रिलामाइड असेल तर स्पष्ट हरकत घ्यावी. जपानमध्ये १९७४ साली फुकुओका भागात या रसायनाचे ग्राउट विहिरीत उतरून एका कुटुंबाला विषबाधा झाली आणि त्यानंतर तेथे अशी रसायने वापरण्यावर कडक बंधने आली. साध्या सिमेंटनेही जवळच्या विहिरीचे पाणी काही दिवस क्षारीय होऊ शकते, तेव्हा कामाच्या आधी आणि नंतर पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि काम चालू असताना ते पाणी पिऊ नये.

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या सोसायटीला दोन कोटेशने आली आहेत. दोन्ही ठोक रकमेची आहेत आणि त्यांत दुपटीचा फरक आहे. कोणते घ्यावे?

उत्तर : दोन्ही परत पाठवावीत. जमिनीत किती माल जाईल हे आधी कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे ठोक रकमेचा कॉन्ट्रॅक्टर एक तर भीतीपोटी फुगवून मागतो किंवा कमी मागून भोके अर्धवट सोडतो. भोकाचा दर मीटरवर, सिमेंटचा दर बॅगेवर, यंत्रे आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा, अशा बाबींत कोटेशन मागावे. प्रत्येक भोकाची खोली, दाब आणि बॅगा यांची नोंदवही रोज संध्याकाळी सोसायटीच्या माणसाने सही करून घ्यावी, आणि रिकाम्या बॅगा मोजल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नयेत. कामाची फलश्रुती तपासण्यासाठी दोन-तीन नवे बोअर घेऊन ठोके पुन्हा मोजायचे, ही अट करारात असावी आणि शेवटचा हप्ता त्या आकड्यांवर अवलंबून ठेवावा. ते बोअर मात्र ग्राउटिंग करणाऱ्याच्या माणसांकडून घेऊ नयेत. आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने नेमलेल्या प्रयोगशाळेने घ्यावेत, आणि मॉर्टर पुरेसे कडक व्हायला अठ्ठावीस दिवस गेल्यावर, भरलेल्या भोकांच्या बरोबर मधोमध घ्यावेत.